घरी न्या, म्हणतात तेव्हा

माणसानं आपल्या घरात मरावं ही आमच्याकडची जुनी इच्छा. आमच्या बेळगाव सीमाभागात, खानापूरच्या जंगलकडेपासून चिकोडीच्या नदीकाठापर्यंत कुठंही जा, दवाखान्यात जीव गेला तर लोक हळहळतात. निदान घरचं पाणी तरी तोंडात पडायला पाहिजे होतं, म्हणतात. शेवट जवळ आलाय असं वाटलं की रात्री-अपरात्री गाडी करून माणसाला गावाकडं आणतात. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, अंथरूण पडतं. उशाशी दिवा, वाटीत पाणी, पाण्यात तुळशीचं पान. वारकऱ्याच्या घरी भजनी मंडळ येऊन हरिपाठ म्हणतं, जैनाच्या घरी णमोकार मंत्र सुरू होतो, लिंगायताच्या घरी स्वामी येऊन विभूती लावतात, मुसलमानाच्या घरी यासीन वाचतात. शेजारणी न सांगता चुलीचा ताबा घेतात. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं तेही उंबऱ्यापर्यंत येऊन जातात.

मोठ्या शहरांत यातलं बरंच संपलंय. आमच्याकडं अजून आहे, आणि याचा मला अभिमान आहे. पण एवढं सगळं असूनही आमची माणसं तळमळत मरतात. घर आहे, जवळ बसणारी माणसं आहेत, पाणी पाजणारे हात आहेत. नाही ती दुखणं थांबवणारी गोळी आणि ती कशी द्यायची हे शिकवणारं कुणी. सीमाभागातल्या मरणाबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं त्याभोवतीचं.

माझी आत्ती निपाणीकडच्या एका खेड्यात दिलेली. लग्न होऊन गेली तेव्हापासून तिचे हात तंबाखूत. हंगामात वखारीत तंबाखू निवडायला जायची, एरवी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तव्यावर भाजलेली मशेरी दाताला लावल्याशिवाय तिच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नसे. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तसं होतं. १९८१ साली तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकरी निपाणीच्या हायवेवर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांच्या गोष्टी आत्ती रंगवून सांगायची. तंबाखूचा दर तिला पाठ होता. तंबाखू गालाचं काय करते हे मात्र तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गालाच्या आत चट्टा उठला तो तिनं अंगावर काढला. मग कोल्हापूरच्या बाजूला एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. काही महिने बरे गेले. पुढं मानेला गाठ आली आणि फुटली. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी माझ्या आतेभावाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता यापुढं उपचार नाहीत. घरी न्या. सेवा करा." हातात डिस्चार्जचा कागद दिला. त्यावर अंगदुखी-तापाला देतात त्या गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि पुढच्या तारखेची जागा कोरी होती.

सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

आत्ती ओरडायची नाही, तिचा जबडाच उघडत नव्हता. ती बाजेची नवार मुठीत धरून बसायची, झोपलं की ठणका वाढायचा म्हणून बसायची. "दुखालंय गे पोरी, लई दुखालंय," एवढंच दातांच्या फटीतून. मी तिथं मुक्कामाला असले की रात्रभर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायची. वहिनीनं तर किती महिने सलग झोप घेतली नव्हती कोण जाणे. दिवसा ती रानात जायची, रात्री सासूजवळ बसायची, आणि कुणी विचारलं तर "चाललंय की" म्हणायची.

दुखण्यापेक्षाही एक गोष्ट आत्तीला जास्त लागली, ती म्हणजे जखमेचा वास. कॅन्सरची फुटलेली जखम कुजते. तो वास कपड्यांत, भांड्यांत, भिंतीत बसतो. आधी लहान पोरं जवळ येईनाशी झाली. मग शेजारणी दारातून बोलून जाऊ लागल्या, पदर नाकाला लावून. आयुष्यभर जिच्या सोप्यात गल्ली भरायची, तिनं एक दिवस स्वतःच सांगितलं, मला गोठ्याशेजारच्या खोलीत न्या. आतेभाऊ तयार होईना. तिनं जेवण सोडलं तेव्हा त्यानं बाज उचलली.

तोंडाचा आणि मानेचा कॅन्सर आमच्या भागाला नवा नाही, आणि कितीतरी घरांत ही गोठ्याशेजारची खोली आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हे मला लिहायचं होतं, कारण त्या वासावर औषध आहे आणि ते तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलात मिळतं.

उपकेंद्रातली सिस्टर बागलकोटकडची. आधी बेंगळुरूत कॅन्सरच्या रुग्णांमध्ये काम केलेली, मराठी तोडकंमोडकं बोलणारी. दुसऱ्याच कुणाच्या बाळाला डोस द्यायला ती गल्लीत आली होती. वास आला तशी स्वतःहून आत आली. "अज्जी, बघू काय?" म्हणत तिनं पट्टी सोडली, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. आत्ती तिच्याकडं टक लावून बघत होती. मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यानं तिनं जखम धुतली, कुठंही न घासता. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, ज्या आपण जुलाबावर घेतो, त्यांची बत्त्यानं बारीक पूड करायला सांगितली आणि ती पूड जखमेवर भुरभुरवली. वर व्हॅसलीन लावलेली स्वच्छ पट्टी, म्हणजे काढताना ओढत नाही. रोज असंच करा, म्हणाली. घाण वास ज्या जंतूंमुळं येतो ते या गोळीनं मरतात. जखम बरी होत नाही, पण वास जातो.

आणि गेला. थोड्या दिवसांत इतका कमी झाला की बाज परत सोप्यात आली. शेजारच्या काकी पहिल्यांदा आत येऊन बाजेच्या कडेला टेकल्या, तेव्हा आत्तीनं त्यांचा हात धरून ठेवला तो किती तरी वेळ सोडलाच नाही. दोन-चार रुपयांच्या गोळीची ही गोष्ट आहे. मोठ्या रुग्णालयात ती कुणाला माहीत नसेल असं मी मानत नाही. सांगायला वेळ नव्हता, आणि सांगणं हे कुणाचंच काम म्हणून ठरलेलं नव्हतं.

दुखण्याची गोळी मात्र मेडिकलात मिळाली नाही. सिस्टरनं सांगितलं, यांना मॉर्फिन लागतं, ते माझ्या हातात नाही, डॉक्टरनंच लिहायला पाहिजे, आणि ते ठेवायची मान्यता असलेल्याच ठिकाणी मिळतं. आतेभाऊ फाईल घेऊन फिरला. एका ठिकाणी "आम्ही ठेवत नाही", दुसऱ्या ठिकाणी "पेशंटला घेऊन या". जबडा न उघडणाऱ्या, बसून रात्र काढणाऱ्या बाईला गाडीत घालून कुठं न्यायचं? शेवटी मिरजेच्या बाजूला एका डॉक्टरांनी कागद बघून, फोटो बघून, फोनवर आत्तीचं कण्हणं ऐकून गोळ्या दिल्या आणि वहिनीला फोनवरच सगळं समजावलं. दर चार तासांनी एक, दुखो वा न दुखो. रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही. पोट घट्ट होणारच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला गुंगी येईल, मळमळेल, ते थोड्या दिवसांत कमी होतं.

गोळी चुरून चमचाभर पाण्यातून दिली. एक-दोन दिवसांत मात्रा जमली आणि आत्ती आडवी होऊन झोपली. वहिनी घाबरून तिच्या नाकाशी हात धरून बसलेली. सकाळी आत्ती उठली ती चहा मागतच. चमच्यानं चहा घेताना म्हणाली, "काय झोप लागली गे, मेल्यावानी." आणि ती हसली.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. माणसाचं दुखणं थांबलं की तो लगेच मरणाची वाट बघत बसत नाही, त्याला जगण्यातली कामं आठवतात. आत्तीनं भिशीचे राहिलेले पैसे कुणाकडून यायचे ते सांगितलं. पाटल्या धाकट्या सुनेला, कारण थोरलीला तिच्या आईनं दिल्यात. म्हशीचा व्यवहार एवढ्यात करू नका, भाव येईल. भावाशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, जमिनीवरून धरलेला अबोला तिनं सोडला. दोघं म्हातारी भावंडं अर्धा दिवस जवळ बसली. काय बोलली ते मी विचारलं नाही. ठणका चालू असता तर यातलं काहीच झालं नसतं. वेदनेत माणसाला दुसरं काही सुचत नाही, ती त्याला त्याच्या नात्यांतूनसुद्धा उचलून बाजूला ठेवते.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर. मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीरापुरतं नसतं, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. त्यात पैशाची काळजी असते, पोरांची असते, देवावरचा राग असतो, आपण ओझं झालो ही बोच असते, आणि हे सगळं मिळून एकच दुखणं असतं. गोठ्याशेजारच्या खोलीत बसलेली आत्ती मला आठवते आणि हे पुस्तकी वाटत नाही.

शेजारच्या तात्यांना मॉर्फिनचं कळलं तेव्हा ते कळवळून म्हणाले होते, "ही अफूच की. नाद लागंल म्हातारीला." ही भीती गावातच आहे असं नाही, शिकलेल्या घरांत आहे, काही डॉक्टरांतही आहे. कॅन्सरच्या दुखण्यासाठी मोजून, वेळेवर, डॉक्टरच्या नजरेखाली दिलेल्या मॉर्फिननं माणूस सहसा व्यसनी होत नाही, आणि जीवही लवकर जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या. साध्या गोळीपासून सुरुवात, भागलं नाही तर वरची पायरी, सगळ्यात वर मॉर्फिन. शक्यतो तोंडानं आणि घड्याळाप्रमाणं. म्हणजे दुखणं उसळायची वाट न बघता.

मग ती गोळी निपाणीत, खानापुरात, रामदुर्गात सहज का मिळत नाही? मॉर्फिन अफूपासून होतं, आणि अफू तर आपल्याच देशात पिकते. मंदसौर, नीमच, चित्तोडगडकडं सरकारी परवान्यानं शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि वर्षानुवर्षं आपली अफू परदेशात औषधासाठी जात आलीय. आपल्या माणसांपर्यंत ती आली नाही याचं मोठं कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. तस्करी रोखायला केलेला कायदा, पण त्यात रुग्णालयंही अडकली. मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, त्यांच्या वेगवेगळ्या मुदती, आणि हिशेबात चूक झाली तर कडक शिक्षा. बहुतेकांनी नाद सोडला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन कसं द्यायचं हे न शिकताच बाहेर पडली. २०१४ साली संसदेनं कायदा बदलला. मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरवली, आणि आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एक मान्यता मिळाली, प्रशिक्षित डॉक्टर असला, की रुग्णालयाला ती ठेवता येतात. कायद्याची गाठ सुटून दहा वर्षं होऊन गेली. मनातली सुटायची आहे. मान्यतेचा अर्जच कुणी करत नाही, कारण मागायलाच कुणी जात नाही. आणि मागायला कोण जाणार? ज्याला गोळी लागते तो बाजेवर, आणि त्याचे घरचे त्याच्या उशाशी.

जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज आहे की जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा परिहार सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, गरज असते आणि त्यातल्या सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. यात फक्त कॅन्सर नाही. थकलेलं हृदय, निकामी झालेलं मूत्रपिंड, दम, पक्षाघातानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं, सगळी आली.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, मुंबईत १९८६ साली सुरू झालं. पुढं त्यांनी गोव्यातही काम सुरू केलं. पुण्यात वारजेला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, बेंगळुरूत करुणाश्रय आहे. ही सगळी फार मोलाची ठिकाणं. पण आमच्या माणसाला मरताना पुण्याला किंवा बेंगळुरूला जायचं नसतं. त्याला सोप्यात राहायचं असतं. म्हणून मला केरळची वाट आमच्यासाठी जास्त जवळची वाटते. तिथं १९९३ साली कोळीकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार यांनी छोटा वेदना विभाग सुरू केला. पुढं मलप्पुरमकडं गावोगावच्या लोकांनी हे काम हातात घेतलं. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी शिकून तयार झाले. २००८ साली राज्यानं धोरण केलं आणि पंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सची व्यवस्था उभी केली. नर्स गाडीतून येते, जखम बघते, नळी बदलते, गोळ्या देते, घरच्यांशी बोलते. गावचे स्वयंसेवक तांदूळ आणून देतात, पोरांची फी बघतात. केरळ श्रीमंत आहे म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. मरणं ही एका घराची खासगी अडचण नाही, हे त्यांनी पंचायतीच्या कामात लिहून टाकलं, म्हणून झालं.

महाराष्ट्रानं २०१२ साली आणि कर्नाटकानं २०१६ साली आपापलं परिहार सेवेचं धोरण केलं. आम्ही या दोन्ही धोरणांच्या मध्ये राहतो. उपकेंद्रावर आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी लागलीय, आणि तिथं द्यायच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि परिहार सेवा आहेच. कागदावर आत्तीच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ती होती.

सीमेचं एक वेगळं दुखणं आहे आणि ते आमच्याशिवाय कुणाला कळत नाही. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. खानापूर, जांबोटीकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या दवाखान्यात जातात, अथणी-कागवाडची मिरजेला, सौंदत्तीकडची हुबळीला. आजार सीमा बघून होत नाही आणि माणूस भाषा, सोयरीक, एस्टीची वेळ बघून दवाखाना निवडतो. पण पुढचं सगळं सीमा बघून चालतं. उपचार एका राज्यात, रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात. फाईल मराठी-इंग्रजीत, उपकेंद्राचं रजिस्टर कन्नडमध्ये. महाराष्ट्रानं २०२३ साली ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचं ठरवलं तेव्हा दोन्ही बाजूंनी किती आवाज झाला. त्या आवाजात एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही, की अशा योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी असतात. ज्याला दवाखान्यानं घरी पाठवलंय, तो कर्नाटकाच्या योजनेतही बसत नाही आणि महाराष्ट्राच्याही. आत्तीच्या गोळ्या संपत आल्या की आतेभाऊ मोटारसायकलवरून पुन्हा मिरजेला. पावसात दूधगंगा-वेदगंगेला पूर आला की रस्ते बंद, आणि घरात वहिनी गोळ्या मोजत बसलेली.

माझा या भागाच्या भाषेवर आणि हक्कावर जीव आहे, त्यासाठी मी मोर्च्यात चाललेय. म्हणूनच म्हणते, मिरजेच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि बागलकोटच्या सिस्टरचे हात ही दोन्ही आत्तीच्या बाजेजवळ एकत्र आली तेव्हाच तिला झोप लागली. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एवढं जरी ठरवलं, की पलीकडच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं मॉर्फिन अलीकडच्या तालुका रुग्णालयातला डॉक्टर तपासून पुढं चालू ठेवील, तरी किती घरांतल्या रात्री बदलतील.

शेवटी शेवटी आत्तीचं खाणं थांबलं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी सलाइनचा धोशा लावला. "अशी उपाशी मारणार काय तिला?" हे वाक्य आमच्याकडं सगळ्यात जड. त्या वाक्यापुढं मुलगा वाकतो, कर्ज काढतो, माणसाला पुन्हा दवाखान्यात नेतो, आणि ज्याला घरात मरायचं होतं तो आयसीयूत हात बांधलेल्या अवस्थेत जातो. सिस्टरनं त्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं. शरीर बंद होत आलं की भूक आपोआप मिटते. ती उपासमार नव्हे. अशा वेळी सलाइन चढवलं तर पाणी अंगात मुरत नाही, पायाला सूज येते, छातीत पाणी साठून धाप वाढते. ओठ ओले ठेवा, तोंड मऊ कापडानं पुसा, मागितलं तर चमचाभर द्या. ती अधिकारानं बोलली म्हणून पाहुणे गप्प बसले. नाहीतर आतेभावाची काय टाप होती त्यांना अडवायची!

हे अडवायला आता कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली माणसाला आपली शेवटची इच्छा आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला, २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. बरं होण्याची आशा उरली नाही तर मला यंत्रावर ठेवू नका, असं धडधाकट असताना लिहून ठेवता येतं. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आदेशही काढला. पण आमच्याकडं मृत्युपत्र जमिनीचं करतात, देहाचं करत नाहीत.

तसा हा विचार या मातीला परका नाही. निपाणी तालुक्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, त्याची आठवण इथल्या जैन घरांत अजून काढतात. सल्लेखना हे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याचं व्रत आहे, ते पेलायला तेवढी साधना लागते. परिहार सेवेशी त्याची सरमिसळ मी करणार नाही. पण त्या परंपरेत शेवटच्या प्रवासात जवळ बसणाऱ्या साधूंना 'निर्यापक' म्हणतात आणि आजाऱ्याच्या सेवेला, वैयावृत्त्याला, तपाचं स्थान आहे, हे मला फार मोठं वाटतं. मरणाऱ्याजवळ कुणी बसायचं, काय करायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलंय. आपल्या आरोग्य केंद्रानं ते ठरवायला काय हरकत आहे?

आत्ती गेली तेव्हा सोपा भरलेला होता. तिला धाप लागली होती, पण ठणका नव्हता.

आता गावातल्या काही जणांनी मिळून ग्रामसभेत ठेवायला एक अर्ज तयार केलाय, कन्नडमध्ये आणि मराठीत. तालुका रुग्णालयानं मॉर्फिन ठेवायची मान्यता घ्यावी. एका डॉक्टरला आणि एका सिस्टरला त्यासाठीच्या प्रशिक्षणाला पाठवावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी आशा कार्यकर्तीकडं असावी आणि आठवड्यातून एकदा गाडी त्या घरांपर्यंत जावी. रात्री फोन केला तर उचलणारा एक नंबर असावा. रुग्णालयानं 'घरी न्या' सांगताना जखम कशी धुवायची, काय झालं तर काय करायचं, हे रुग्णाच्या भाषेतल्या एका कागदावर द्यावं. यासाठी नवी इमारत नको, मोठं मशीन नको.

वहिनीनं अर्ज वाचून आणखी एक ओळ घालायला लावली. सिस्टर रोज येणार नाही, म्हणून गावातल्या माणसांना शिकवा. पट्टी करणं, कूस बदलणं, गोळ्यांची वही ठेवणं. शिकायला स्त्रीशक्ती संघातल्या काही जणींनी नावंही दिलीत. सध्या यादीत बायकाच आहेत. पुरुषांनीही द्यावीत असं वहिनीचं म्हणणं आहे, कारण अंगाला शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी माणूस वळवायचा असतो, आणि जड माणूस वळवायला दोघं लागतात.